ओल धरलेल्या बाहेरच्या भिंतीला प्लास्टर: आधी पाणी तोडा, मग थापी लावा

ठेकेदाराला भिंत दाखवली की उत्तर तयारच असतं. "जुनं फोडतो, केमिकल टाकून नवं प्लास्टर मारतो, वर दोन हात रंग. दहा वर्षं बघायला नको, साहेब." काम होतं, भिंत झकास दिसते, आणि पुढच्या गणपतीत त्याच जागी, त्याच उंचीवर पोपडे सुटलेले असतात. ऐरोलीतल्या (नवी मुंबई) आमच्या रो-हाऊसच्या मागच्या भिंतीवर आधीच्या मालकांनी एकावर एक असे कितीतरी गिलावे चढवले होते. फोडल्यावर थर वेगवेगळे दिसत होते. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कडक, आणि सगळ्यांच्या मागे वीट ओलीच. पाणी येतंय कुठून, हे कुणी विचारलंच नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातला प्रकार.

हा लेख बैठं घर, रो-हाऊस, बंगला, तळमजल्याचा गाळा आणि कंपाउंड वॉल यांच्यासाठी आहे. सात मजली इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचं काम वेगळं. तिथे आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. तुमच्या फ्लॅटच्या ओलीसाठी स्वतः परांची बांधायला जाऊ नका, सोसायटीला लेखी अर्ज द्या.

१. पाणी कुठून येतंय ते ठरवा

या एका पायरीला मनापासून वेळ द्या. भिंतीत पाणी चार वाटांनी येतं: वरून, समोरून, खालून आणि आतल्या पाइपातून. प्रत्येकाची खूण वेगळी असते.

*वरून:* गच्चीची कठडाभिंत, कंपाउंडचं डोकं, छज्जा आणि भिंतीचा सांधा. ओलीचे ओघळ वरून खाली उतरतात आणि खाली येताना फिके होतात. गच्चीच्या कडेचा वाटा, म्हणजे कठड्याच्या बुडाशी केलेली सिमेंटची गोलाई, फुटला असेल तर डाग बरोबर त्याखाली.

*समोरून:* पावसाचा मारा. आपल्याकडे मुख्यतः नैर्ऋत्येकडून, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त भिजतात. मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत ठिपके उठतात, उघडीप मिळाली की कमी होतात. बहुतेक वेळा वाट असते ती तडा, खिडकीची चौकट किंवा कॉलम-बीम आणि विटकाम यांच्यामधली फट.

*खालून:* जमिनीतून चढणारी ओल. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, फार तर कमरेपर्यंत, जवळजवळ आडव्या रेषेत. वरच्या काठाला पांढरी मिठाची किनार. ही उन्हाळ्यातही पूर्ण जात नाही.

*पाइप:* न्हाणीघराच्या किंवा मोरीच्या मागे, बारा महिने, पाऊस असो-नसो. असा डाग दिसला तर गवंडी बोलावण्याआधी प्लंबर बोलवा.

नवी मुंबईत खालच्या ओलीचा त्रास जास्त का, त्याची दोन कारणं आहेत. एक, खाडीकाठचे बरेच सेक्टर भातखाचरांवर, मिठागरांवर आणि दलदलीवर भरणी करून उभे राहिले. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी अगदी वर येतं आणि ते खारट असतं. दुसरं कारण आपणच तयार करतो. रस्त्यावर दरवेळी डांबराचा नवा थर चढतो, अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात, कुंड्यांसाठी मातीचा वाफा भिंतीला टेकवला जातो. घर बांधलं तेव्हा जोतं दीड फूट वर होतं, आता अंगण त्याच्या बरोबरीला आलेलं असतं. जोत्यावरचा डीपीसीचा थर, म्हणजे ओल अडवायला घातलेली काँक्रीटची पट्टी, जमिनीखाली गाडली जाते आणि ओल तिला वळसा घालून वर चढते. बाहेरून एकदा मोजून बघा: अंगणाची पातळी डीपीसीच्या निदान सहा इंच खाली हवी.

घरच्या घरी करण्याजोगी एक चाचणी. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं लावा आणि दोन दिवस तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा. ही चाचणी पाऊस थांबल्यावर करा, नाहीतर उत्तराला अर्थ नाही.

ओल मोजायचं दोन पिनांचं यंत्र हल्ली सगळ्या ठेकेदारांच्या खिशात असतं. ते मिठालाही ओल समजतं. आकडा बघून घाबरू नका आणि त्या आकड्यावर सहीही करू नका.

२. टिचकी मारा, खडूने आखा

थापीच्या दांड्याने किंवा छोट्या हातोड्याने सगळी भिंत वाजवत जा. भरीव आवाज म्हणजे प्लास्टर धरून आहे. पोकळ, डबडब आवाज म्हणजे सुटलंय. पोकळ भाग खडूने आखून फोटो काढा. ठेकेदाराशी 'किती चौरस फूट फोडायचं' यावर पुढे जो वाद होतो, तो या फोटोंमुळे वाचतो.

तडे बघताना दोन गोष्टी दिसल्या तर गवंड्यावर न थांबता स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा: कॉलम किंवा बीमच्या लांबीने गेलेला सरळ तडा, ज्यातून गंजाचा तांबडा डाग उतरतो, आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेला, तीन मिलिमीटरपेक्षा रुंद तडा. पहिल्यात आतली सळई गंजून फुगली आहे, दुसऱ्यात पाया हललेला असू शकतो. दोन्ही ठिकाणी प्लास्टर म्हणजे रोग झाकणं.

३. दिवस धरा

मान्सून आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो. हिशेब उलटा लावा. फोडणं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, भिंत उघडी ठेवून वाळवणं डिसेंबर-जानेवारीपर्यंत, प्लास्टर जानेवारी-फेब्रुवारीत, रंग मार्चमध्ये. एप्रिल-मे मध्ये प्लास्टर करता येतं, पण ऊन इतकं कडक की पाणी मारायला माणूस बांधून ठेवावा लागतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात "पावसाआधी आटपून टाकू" म्हणून घाईने केलेलं काम सगळ्यात वाईट. प्लास्टर पिकलेलं नाही, रंग ओल्यावर चढलेला, आणि वर पहिला पाऊस.

४. पाण्याच्या वाटा बंद करा

प्लास्टरची एक थापी मारण्याआधी हे सगळं झालेलं हवं.

अंगण उकरून डीपीसीच्या खाली न्या. भिंतीला टेकलेली माती काढा. घराभोवती दोन-अडीच फूट रुंद काँक्रीटचा पट्टा करा, बाहेरच्या बाजूला फुटामागे पाव ते अर्धा इंच उतार द्या. पागोळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर पन्हळ लावून पाइपाने गटाराकडे न्या.

छज्जे आणि खिडकीचे उंबरे यांच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, बोटभर रुंदीची खाच हवी. तिथे थेंब तुटून खाली पडतो. खाच नसली तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीवर येतं. बिनखर्चाचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

कंपाउंड वॉलचा जीव तिच्या डोक्यावर. वर उतार दिलेलं, दोन्ही बाजूंना भिंतीपासून दीड-दोन इंच बाहेर आलेलं कोपिंग, म्हणजे भिंतीच्या डोक्यावरची टोपी, आणि त्याच्या खाली खाच. नुसतं वरून सिमेंट चोपडलेलं डोकं दोन पावसाळ्यांत तडकतं. आणि भिंतीच्या एका बाजूला माती भरलेली असेल तर दुसऱ्या बाजूने कितीही भारी प्लास्टर करा, टिकणार नाही. मातीच्या बाजूने उकरून तिथेच पाणी अडवायला हवं, आणि भिंतीत पाणी बाहेर सोडायला पाइपाची भोकं हवीत.

डीपीसीच नसेल, किंवा मेलेली असेल, तर जमिनीपासून सहा इंचांवरच्या विटांच्या सांध्यात चार-साडेचार इंचांवर १२ मिमीची भोकं पाडून त्यात सिलेन-सायलॉक्सेनची क्रीम भरतात. भोक पलीकडच्या तोंडापासून दीड इंच अलीकडे थांबतं. ही क्रीम विटेच्या बारीक छिद्रांत पसरून पाणी वर चढू देत नाही. हे काम अनुभवी माणसाकडूनच करा; भोक सांध्याऐवजी विटेत गेलं की क्रीम हवी तशी पसरत नाही.

आता या पायरीवरचा सगळ्यात लोकप्रिय सापळा. "खाली तीन फूट टाइल्स लावून टाका, कटकट मिटेल." टाइल, ग्रॅनाइट, इपॉक्सी, डांबराचा लेप, काहीही लावलं तरी खालून येणारं पाणी थांबत नाही. बाहेर पडायला जागा मिळेना की ते टाइलच्या वर चढतं. तीन फुटांवरची ओल पाच फुटांवर जाते आणि आतल्या खोलीत पलंगामागे उगवते.

५. जुना गिलावा उतरवा, मीठ काढा, वाळू द्या

ओलीची रेषा जिथे दिसते तिच्या वर निदान दोन-तीन फुटांपर्यंत प्लास्टर फोडा, कारण मीठ डागाच्या पुढे गेलेलं असतं. फोडताना छिन्नी तिरपी धरायला सांगा, विटा उडू देऊ नका. सांधे १०-१२ मिमी खोल खरवडून घ्या.

आमच्या भिंतीच्या खालच्या ओळी उघड्या पडल्या तेव्हा मिस्त्रींनी छिन्नी बाजूला ठेवली आणि नख फिरवलं. विटेची लाल भुकटी ओंजळीत आली. "यावर प्लास्टर कशाला धरेल, सांगा?" एवढंच म्हणाले. त्या ओळी तुकड्यातुकड्याने काढून नव्या भाजलेल्या विटा घातल्या. सलग लांब पट्टा एकदम काढू देऊ नका, वरचं वजन असतं. तीन-चार विटा काढायच्या, भरायच्या, मग पुढे.

मीठ विटेला कसं खातं ते समजून घेतलंत तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. पाणी वाळताना मीठ मागे राहतं, त्याचे खडे विटेच्या छिद्रांत वाढतात आणि आतून दाब देतात. वीट भुकटी होते, प्लास्टर फुगून सुटतं. शिवाय साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. जुलै-ऑगस्टात आपल्याकडची हवा त्याहून दमट असते. म्हणून गळती बंद झाल्यावरही लोणा लागलेली भिंत दर पावसाळ्यात ओली दिसते आणि मालक बिचारा पुन्हा गच्ची फोडायला निघतो.

म्हणून पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करा आणि लांब टाका. पाण्याने धुऊ नका, मीठ विरघळून परत आत जातं. काही दिवसांनी पुन्हा उगवेल, पुन्हा झाडा. उगवणं कमी होत जातं.

वाळायला किती वेळ? पूर्ण भिजलेल्या भिंतीला इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब आहे. नऊ इंची भिंतीला तो ऐकून धडकी भरते. इतकं थांबणं शक्य नसतं, पण दोन-अडीच महिने उघडी विटांची भिंत वारा खात राहिली तर फरक पडतो. शेजारी विचारतील, "काम अर्धवट सोडून ठेकेदार पळाला का?" विचारू देत.

६. माल निवडा

*रेती.* खाडीची रेती नको. कळवा-मुंब्र्याच्या रेतीबंदरावरून वर्षानुवर्षं ठाण्यातली घरं बांधली गेली, पण न धुतलेली खारी रेती म्हणजे भिंतीत नव्याने मीठ भरणं. आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, येते. ती 'प्लास्टरची, धुतलेली' अशी स्पष्ट मागा. धूळ जास्त असेल तर बारीक तडे ठरलेलेच.

गाडी खाली होण्याआधी दोन चाचण्या करा. काचेच्या बरणीत निम्मी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून तीन तास ठेवा. रेतीवर जो गाळाचा थर बसतो तो रेतीच्या उंचीच्या आठ टक्क्यांच्या वर नको. दुसरी खारटपणाची. एका पेल्यात फिल्टरचं पाणी घ्या, दुसऱ्यात तेच पाणी आणि मूठभर रेती ढवळून, निवळल्यावर वरचं पाणी. दोन्ही पाण्यांत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवा, जे फिल्टर दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाकडे असतं. आकडा किंचित वाढला तर ठीक. कित्येक पटींनी वाढला तर गाडी परत पाठवा. मीटर नसेल तर तेच पाणी स्टीलच्या ताटलीत आटवा. पांढरं कडं राहिलं की समजा.

*पाणी.* नळाचं. बोअरचं किंवा कुठून आलं ते माहीत नसलेल्या टँकरचं नको.

*सिमेंट.* पोत्यावरची तारीख बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. गाठी झालेलं चाळून वापरू देऊ नका.

*चुना.* हा मुद्दा ठेकेदारांना आवडत नाही. प्लास्टर मागच्या विटेपेक्षा कडक नको, आणि वरचा थर खालच्यापेक्षा कडक नको. कडक सिमेंटचं प्लास्टर आकसताना बारीक तडकतं, तड्यातून पाणी आत जातं आणि घट्ट थरातून वाफ बाहेर येत नाही. नव्या, कोरड्या, चांगल्या भाजलेल्या विटांवर १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) चाललं असतं. ओल धरलेल्या भिंतीला १:१:६ घ्या, म्हणजे एक भाग सिमेंट, एक भाग भिजवलेला चुना, सहा भाग रेती. चुन्यामुळे माल लुसलुशीत होतो, कमी तडकतो आणि उरलेली ओल बाहेर सोडतो.

ठाण्यात नौपाडा, चरई भागात चुन्यात बांधलेली जुनी घरं अजून आहेत. सांधा खरवडल्यावर पांढरा, मऊ, नखाने निघणारा माल दिसला तर सिमेंट अजिबात नको. तिथे चुना-रेतीचाच गिलावा, हवी तर सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, घालून, आणि चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायचा. वेळ लागतो, पैसे जातात, पण दुसरा मार्ग नाही.

*वॉटरप्रूफिंगचं केमिकल.* डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाच्या टोपणाने. "जास्त टाकलं की जास्त घट्ट" हा समज चुकीचा आहे. जास्त झालं की प्लास्टर कमजोर होतं. आणि खालून चढणाऱ्या ओलीवर ते औषध नाही.

*किती लागेल.* १०० चौरस फुटांना दोन थर मिळून २० मिमी जाडीसाठी १:४ ला दीड ते दोन पोती सिमेंट आणि ७ ते ९ घनफूट रेती. १:१:६ ला सिमेंट साधारण एकच पोतं. रेती ब्रासने विकतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. छोट्या घराला अर्धा ब्राससुद्धा उरतो.

७. हत्यारं आणि सामान जमवा

मिस्त्री आपली थापी, रंधा, ओळंबा, पाटा, लेव्हल ट्यूब आणतात. तुमच्याकडून लागतं ते असं:

- माल मापायला लाकडी किंवा पत्र्याची पेटी. सिमेंटचं पोतं ३५ लिटरचं, तेवढ्याच मापाची पेटी केली की हिशेब सरळ. घमेल्याने मापलं की कधी शीग, कधी सपाट, आणि १:६ चं १:९ कधी होतं कळत नाही.
- माल कालवायला पत्रा. अंगणातल्या मातीवर कालवू देऊ नका.
- फायबरची अल्कली सोसणारी जाळी, काँक्रीट आणि विटांच्या सांध्यासाठी. कोंबडीजाळी स्वस्त, पण खाडीच्या वाऱ्याला लवकर गंजते.
- गोणपाट, हिरवी जाळी, पाण्याचा पाइप.
- स्पंज, कोरडे ब्रश, गॉगल, हातमोजे. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन तडक डॉक्टरकडे.

८. प्लास्टर करा

काम वरून खाली. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे सावलीत. आदल्या संध्याकाळी भिंतीवर पाणी शिंपडा. थापी लागते तेव्हा वीट दमट हवी, पाणी ओघळणारी नको. "इतके महिने वाळवली आणि आता परत भिजवायची?" असं सगळे विचारतात. हे वरवरचं पाणी आहे, थोड्या दिवसांत जातं. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि प्लास्टर भुसभुशीत राहतं.

काँक्रीटला टोकदार हातोडीने टाचे मारा, गुळगुळीत काँक्रीट माल धरत नाही. काँक्रीट आणि विटांच्या सांध्यावर दोन्हीकडे सहा-सहा इंच जाईल अशी जाळी, पहिल्या थराच्या पोटात. जाळी विटेवर खिळ्यांनी ठोकून वरून प्लास्टर केलं तर तिचा उपयोग निम्मा.

मग छपका: एक भाग सिमेंट, दीड-दोन भाग जाडी रेती, पातळसर, झटका देऊन भिंतीवर फेकलेला. तो घासून सपाट करायचा नाही, खरबरीतच राहू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पाणी मारा.

पहिला थर १२ मिमी. आधी ओळंब्यात टिक्क्या, म्हणजे थराची जाडी दाखवणारे मालाचे छोटे ठिपके, लावून घ्या, मग पाटा फिरवा. जिथे भिंत फार आत गेलीय तिथे एकाच वेळी जाड थापू देऊ नका, आधी खड्डे भरून दुसऱ्या दिवशी पुढे. थर ओला असताना त्यावर आडव्या नागमोडी रेघा ओढायच्या. निदान दोन दिवस जाऊ द्या, पाणी मारत राहा.

दुसरा थर ६ ते ८ मिमी, सँडफेस, म्हणजे रेतीचा खरबरीत पोत ठेवलेला. लाकडी रंध्याने फिरवून स्पंज मारायचा. लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत केलेलं बाहेरचं प्लास्टर उन्हात जाळ्यासारखं तडकतं.

इथे जागेवर उभं राहून बघायच्या गोष्टी दोन. माल लवकर सुकावा म्हणून गवंडी भिंतीवर कोरडं सिमेंट भुरभुरतात. वरचा थर कडक होऊन सोलपटतो, ते थांबवा. आणि पाणी घातलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपेल इतकाच कालवा. चहा-बिडीनंतर घट्ट झालेल्या ढिगावर पुन्हा पाणी मारून कालवणं सर्रास चालतं. नवीन माल करायला सांगा. मिस्त्री नाराज होतील, पण पोत्याचे पैसे तुमचे आहेत.

प्लास्टर जमिनीला टेकवू नका. अर्धा-पाऊण फूट वर, डीपीसीच्या रेषेवर थांबवून खालची कडा थेंब पडेल अशी बाहेर काढा. खालचं जोतं उघडं ठेवून त्याच्या दर्जा, म्हणजे मधले सांधे, भरून घ्या. प्लास्टर खाली जमिनीपर्यंत नेलं की ते स्वतःच ओल वर चढवतं आणि क्रीमवर केलेला खर्च वाया जातो.

९. पाणी मारा

दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस, दिवसातून तीन-चार वेळा, बारीक फवाऱ्याने. पाइपाचा जोर भिंतीवर सोडू नका. पश्चिमेच्या भिंतीला ओलं गोणपाट आणि बाहेरून हिरवी जाळी. ठेकेदाराचा बिगारी सकाळी एकदा पाणी मारून जातो. दुपारची वेळ घरातल्या कुणीतरी सांभाळायची असं आधीच ठरवा.

१०. रंग

२८ दिवस थांबा, मग अल्कली सोसणारा प्रायमर आणि बाहेरचा ॲक्रिलिक. रबरासारखा ताणला जाणारा जाड रंग पावसाचा मारा खाणाऱ्या, पण आतून कोरड्या भिंतीला चांगला. खालून ओल चढलेल्या भिंतीला नको, त्याचे फुगे येतात. तिथे पहिलं वर्ष खालचे तीन-चार फूट नुसती चुन्याची सफेदी द्या. आतल्या बाजूला त्याच भिंतीवर जिप्समचं प्लास्टर करू नका, ओलीने ते मऊ पडतं.

११. कागद आणि पैसे

नुसतं प्लास्टर आणि रंग याला महापालिकेची बांधकाम परवानगी लागत नाही. छज्जा वाढवला, खिडकी हलवली, कंपाउंडची उंची बदलली की लागते. घर वारसा यादीत असेल तर आधी विचारून घ्या. हाताशी ठेवायचे कागद:

- रो-हाऊसची सोसायटी किंवा असोसिएशन असेल तर तिचं ना-हरकत पत्र
- सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती
- फूटपाथवर परांची किंवा रेती येणार असेल तर वॉर्ड ऑफिसची परवानगी
- ठेकेदाराचं लेखी दरपत्रक: दर चौरस फुटाचा की रनिंग फुटाचा, खिडक्या वजा की धरून, प्रमाण आणि जाडी, परांची कुणाची, राबीट (फोडलेला मलबा) कोण उचलणार
- फोडण्याआधीचे, उघड्या विटांचे आणि प्रत्येक थराचे फोटो

राबीट गोण्यांत भरून महापालिकेने सांगितलेल्या ठिकाणीच गेलं पाहिजे. खाडीकाठी किंवा कांदळवनात टेम्पो रिकामा करणारे स्वस्त पडतात. पकडले गेले की चौकशी तुमच्या दारापर्यंत येते.

हमीच्या कागदावर 'वॉटरप्रूफिंग १० वर्षं' एवढंच नको. कोणत्या भिंतीची, खालची ओल धरून की सोडून, आणि पोपडे आले तर फोडून पुन्हा करणार की वरून रंग लावणार, हे लिहून घ्या. एकूण रकमेतले दहा टक्के ऑगस्टअखेरपर्यंत राखून ठेवायचे, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. चांगला ठेकेदार थोडी घासाघीस करून मान्य करतो.

ऑगस्टात पाऊस दोन-तीन दिवस उघडला की भिंत पुन्हा वाजवून बघा आणि प्लास्टिकचा चौकोन आधीच्याच जागी लावा. दोन्हीत काही निघालं नाही तर पैसे देऊन टाका. ऑक्टोबरच्या उन्हात खालच्या पट्ट्यावर थोडी पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, विटेतलं उरलेलं मीठ बाहेर पडतंय. कोरड्या ब्रशने झाडा आणि सफेदीचा एक हात द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही तेवढीच भुकटी आली, तर अंगणाची पातळी आणि डीपीसी पुन्हा तपासा.